टेरी प्रॅचेट, शेवटची कादंबरी आणि मृत्यूचा आवाज : एका मराठी पॉडकास्टच्या प्रकल्प नोंदी

२ जून २०२५ : आवाका

दोन भागांचा मराठी पॉडकास्ट. विषय : डिस्कवर्ल्ड या विनोदी कल्पनारम्य मालिकेचे इंग्रज लेखक टेरी प्रॅचेट यांची शेवटची कादंबरी 'द शेफर्ड्स क्राउन' आणि तिच्यातून दिसणारी त्यांची जगण्या-मरण्याकडे पाहण्याची रीत. प्रॅचेट १२ मार्च २०१५ रोजी गेले, कादंबरी २७ ऑगस्ट २०१५ रोजी आली. येत्या ऑगस्टात तिला दहा वर्षे होतील, तोवर दोन्ही भाग ऐकायला मिळावेत.

लांबी : पहिला भाग ३० मिनिटे, दुसरा ३५. मराठी निवेदन मिनिटाला ११५ ते १२५ शब्दांच्या वेगाने नीट पोचते. त्यातून विराम आणि संगीत वजा केले की पहिल्या भागाला ३,२०० शब्दांची संहिता पुरते. त्याहून जास्त लिहिले तर निवेदक धावतो, आणि प्रॅचेट यांचा विनोद धावून सांगितला की मरतो. त्यांची गंमत वाक्याच्या शेवटच्या दोन-तीन शब्दांत असते. त्याआधी अर्ध्या सेकंदाची उसंत लागतेच.

पहिला नियम : सुविचार नकोत. त्यांच्या नावावर फिरणाऱ्या वाक्यांपैकी बरीचशी त्यांच्या पात्रांची असतात आणि काही तर कुठल्याच पुस्तकात सापडत नाहीत. म्हणून संहितेतल्या प्रत्येक उताऱ्यासाठी तक्त्यात तीन रकाने : वाक्य, पुस्तक आणि पान, कोण बोलते आहे. तिसरा रकाना सर्वांत महत्त्वाचा. त्यांच्या कादंबऱ्यांतल्या अँख-मॉरपॉर्क शहराचा हुकूमशहा व्हेटिनारी बोलला ते लेखकाचे मत ठरत नाही. लेखकाने त्याला हुशार केले आहे, इतकेच.

६ जून : चरित्राचा कणा

पूर्ण चरित्र सांगायचे नाही. पुस्तकाशी धागा जुळतो तेवढेच ठेवायचे.

जन्म २८ एप्रिल १९४८, बीकन्सफील्ड, बकिंगहॅमशर. १९६५ मध्ये शाळा सोडून 'बक्स फ्री प्रेस' या स्थानिक वृत्तपत्रात उमेदवारी. कामावर रुजू झाल्यावर काही तासांतच पहिले प्रेत पाहिले, असे ते सांगत. पहिली कादंबरी १९७१ मध्ये. १९८० च्या सुमारास इंग्लंडच्या सरकारी वीज मंडळात जनसंपर्क अधिकारी. त्यांच्या विभागात अणुवीज केंद्रेही होती. १९८३ मध्ये डिस्कवर्ल्ड मालिकेचे पहिले पुस्तक. १९८७ मध्ये नोकरी सोडली. मालिकेची एकूण ४१ पुस्तके.

वृत्तपत्र आणि वीज मंडळ या दोन नोकऱ्या संहितेत ठसठशीत राहायला हव्यात. त्यांच्या काल्पनिक जगात टपाल खाते, टांकसाळ, छापखाना, पोलीस चौकी, रेल्वे हे सारे खरोखर चालते. कुणीतरी पगार वाटतो, कुणीतरी गटार उपसतो, कुणीतरी खोटे निवेदन काढतो. राजपुत्र आणि भविष्यवाणी यांच्या कथा लिहिणाऱ्या बहुतेकांना ही माहिती नसते. प्रॅचेट यांना ती नोकरीतून मिळालेली होती. सुरुवातीच्या वर्षांत ते दिवसभराचे काम आटोपून रोज ४०० शब्द लिहीत. हा आकडा ठेवावा. नव्या लेखकांना तो झेपणारा आहे.

९ जून : कासव

डिस्कवर्ल्ड म्हणजे थाळीसारखे सपाट जग. ते चार हत्तींच्या पाठीवर, आणि हत्ती अवकाशात पोहणाऱ्या प्रचंड कासवाच्या पाठीवर. मराठी श्रोता लगेच म्हणणार, हे तर आपले. ते अर्धेच खरे आहे, म्हणून इथे सांभाळून लिहायचे.

आपल्याकडे मंथनाच्या वेळी मंदर पर्वत पाठीवर घेणारा कूर्म आहे, दिशा धरून उभे असलेले आठ दिग्गज आहेत आणि पृथ्वी तोलणारा शेष आहे. या वेगवेगळ्या कथा. हत्ती खाली आणि त्याखाली कासव, ही एकावर एक रचलेली उतरंड युरोपात 'हिंदू लोकांचे मत' म्हणून फिरली. तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी १६९० च्या ग्रंथात ती दृष्टान्त म्हणून वापरली आहे. प्रॅचेट यांच्या हाती आले ते हे युरोपातून फिरून आलेले रूप. संहितेत दोन वाक्ये पुरेत. 'पुराणातून उचलले' असे म्हणायचे नाही. शिवमंदिराच्या मंडपात पायाशी असणाऱ्या कासवाची आठवण करून द्यायला मात्र हरकत नाही, श्रोत्याच्या डोळ्यांपुढे चित्र उभे राहते.

१४ जून : शेवटचे पुस्तक कसे लिहिले गेले

पहिल्या भागाचा गाभा हाच.

डिसेंबर २००७ मध्ये त्यांनी जाहीर केले की त्यांना पोस्टिरियर कॉर्टिकल अ‍ॅट्रॉफी आहे. हा अल्झायमरचा विरळा प्रकार. मेंदूच्या मागच्या बाजूला, जिथे डोळ्यांनी पाहिलेल्याचा अर्थ लागतो, तिथून झीज सुरू होते. डोळे शाबूत, पण समोरची वस्तू सापडत नाही. कळफलकावर अक्षर कुठे आहे ते कळेनासे होते. स्मरणशक्ती आणि बोलणे त्या मानाने बराच काळ टिकते. हा फरक संहितेत पहिल्याच परिच्छेदात हवा. 'अल्झायमर' म्हटले की विसरभोळेपणा एवढेच डोक्यात येते आणि मग 'विसरणाऱ्या माणसाने कादंबऱ्या कशा लिहिल्या' हा भलताच प्रश्न उभा राहतो.

लिहिण्याची रीत बदलली ती अशी : टंकलेखन सुटले, तोंडी मजकूर सांगणे सुरू झाले. काही मजकूर साहाय्यक रॉब विल्किन्स टंकत, काही आवाज ओळखणाऱ्या प्रणालीवर जाई. अशा प्रणालीला काल्पनिक जगातली नावे आधी शिकवावी लागतात, नाहीतर ती प्रत्येक विशेषनामाच्या जागी ओळखीचा शब्द ठोकून देते.

प्रॅचेट यांच्या पुस्तकांना सहसा प्रकरणे नसत. सुटे प्रसंग आधी लिहायचे, क्रम नंतर लावायचा, जोड शेवटी घासायचे, असे त्यांचे काम चाले. टंकून लिहिणाऱ्याला मागे-पुढे सरकवत हे जमते. तोंडी सांगणाऱ्याला सगळा नकाशा डोक्यात धरावा लागतो, कारण पडद्यावरचे पान त्याला वाचता येत नाही. शेवटच्या पुस्तकातले काही जोड उघडे दिसतात त्याचे कारण इथे आहे. आरंभ, मध्य, शेवट सगळे आहे. पण प्रसंग पुन्हा-पुन्हा भरत नेण्याची जी फेरी ते एरवी करत, ती इथे पुरी झाली नाही. पुस्तकाच्या शेवटच्या टिपणात विल्किन्स यांनीच हे मोकळेपणाने मान्य केले आहे. संहितेतही तसेच सांगायचे. मृत लेखकाच्या शेवटच्या पुस्तकाला 'कळसाध्याय' म्हणायची सवय वाईट. हे त्यांचे सर्वोत्तम पुस्तक नव्हे, पण त्याची सुरुवातीची पाने सर्वोत्तमांत बसतात.

ती पाने म्हणजे ग्रॅनी वेदरवॅक्स या म्हाताऱ्या चेटकिणीचे मरण. आपली वेळ आल्याचे तिला कळते. ती घर घासूनपुसून काढते, विलोच्या फोकांची टोपली विणते, आंघोळ करते, अंथरुणावर पडते. कुठेही मोठे भाषण नाही. मागच्या पुस्तकांत ती देह सोडून मनाने प्राण्यांत वावरायला जाई, तेव्हा लोकांनी पुरून टाकू नये म्हणून उशाशी 'मेलेली नाही' अशी पाटी ठेवी. या वेळी पाटीवरचा मजकूर बदलतो. हा एकच तपशील वाचून दाखवायचा, बाकी सारांश. पाटीचा आधीचा संदर्भ श्रोत्याला एक मिनिट आधी दिलेला असावा, तरच तो बदल लागतो.

२१ जून : दुसऱ्या भागातले कायद्याचे कलम बदलावे लागणार

काल, २० जूनला, ब्रिटनच्या कनिष्ठ सभागृहाने मरणासन्न प्रौढांना आयुष्य संपवण्यासाठी वैद्यकीय साहाय्य देण्याचे विधेयक ३१४ विरुद्ध २९१ मतांनी मंजूर केले. आता ते वरिष्ठ सभागृहात जाईल. संहितेत 'इंग्लंडमध्ये याला परवानगी नाही' एवढे वाक्य होते. आता ते तारखेसह लिहायचे, आणि ध्वनिमुद्रण करताना हा परिच्छेद वेगळ्या फाइलमध्ये ठेवायचा. कायदा पुढे सरकला तर तेवढाच तुकडा बदलता येईल.

पार्श्वभूमी नेमकी हवी. इंग्लंडच्या १९६१ च्या कायद्याने आत्महत्या हा गुन्हा राहिला नाही, पण तिला मदत करणाऱ्याला १४ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. प्रॅचेट यांच्या वडिलांचे २००६ मध्ये स्वादुपिंडाच्या कर्करोगाने निधन झाले. १ फेब्रुवारी २०१० च्या, बीबीसीवरच्या डिम्बलबी व्याख्यानात ते त्या मरणाबद्दल बोलतात. आजारामुळे प्रॅचेट यांना लांब मजकूर वाचता येत नव्हता, म्हणून व्याख्यान अभिनेते टोनी रॉबिन्सन यांनी वाचले आणि लेखक शेजारी बसून राहिले. मागणी घोषणेपुरती नव्हती, त्यात कार्यपद्धती होती : एक न्यायाधिकरण असावे, त्यात कौटुंबिक कायद्याचा जाणकार आणि डॉक्टर असावेत, अर्जदारावर कुणाचा दबाव नाही ना हे त्यांनी पाहावे, सदस्य पंचेचाळिशीच्या पुढचे असावेत. वीज मंडळातला माणूस इथे दिसतो.

१३ जून २०११ रोजी बीबीसीवर त्यांचा माहितीपट आला. त्यात ते स्वित्झर्लंडला जाऊन साहाय्यित मृत्यूची प्रक्रिया प्रत्यक्ष पाहतात. इथे श्रोत्यांचा हमखास गैरसमज होतो, म्हणून ठळक सांगायचे : प्रॅचेट स्वतः त्या मार्गाने गेले नाहीत. ते विल्टशरमधल्या आपल्या घरी, आजारानेच गेले. पलंगावर मांजर झोपलेले होते.

आणखी एक कडू गोष्ट. कालच्या विधेयकातली अट आहे सहा महिन्यांच्या आत मृत्यू अपेक्षित असण्याची आणि त्या वेळी निर्णयक्षमता शाबूत असण्याची. अल्झायमरच्या रुग्णाला दोन्ही एकाच वेळी क्वचितच जुळतात. म्हणजे ज्या आजारामुळे प्रॅचेट या चळवळीत उतरले, त्या आजाराचा माणूस या कायद्याबाहेरच राहणार. हे वाक्य काढायचे नाही.

२४ जून : मराठी संदर्भ किती

श्रोत्याच्या मनात तीन गोष्टी आपोआप येणार : प्रायोपवेशन, जैनांची सल्लेखना आणि अरुणा शानबाग (हल्ल्यानंतर चार दशके अचेतन राहिलेल्या परिचारिका). पहिल्या दोन बाहेर ठेवल्या. त्यांमागे व्रत आणि वैराग्य आहे. प्रॅचेट यांच्या बोलण्यात ते कुठेच नाही. ते धर्म न मानणारे मानवतावादी होते, आणि त्यांना हवी होती आपल्या बागेत, हातात पेला, कानात संगीत अशी संध्याकाळ.

तिसरा संदर्भ ठेवला, कारण तो खरोखर भिडतो. सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी शानबाग प्रकरणात याचिका फेटाळली, पण निष्क्रिय दयामरणाला, म्हणजे उपचार थांबवून मरण येऊ देण्याला, अटींसह वाट दिली. त्याच वर्षी जूनमध्ये वरचा माहितीपट आला. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिकांनी १९७३ पासून १८ मे २०१५ पर्यंत शानबाग यांची शुश्रूषा केली आणि दयामरणाला विरोध केला. प्रॅचेट यांच्या युक्तिवादाला इतके ठोस उत्तर इंग्लंडमधल्या वादातही क्वचित सापडते. ते पूर्ण वजनाने मांडायचे, निकाल निवेदकाने द्यायचा नाही.

माहितीसाठी एक ओळ : भारतात ९ मार्च २०१८ च्या निकालाने वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता मिळाली. २४ जानेवारी २०२३ पासून ते दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करता येते. पूर्वी दंडाधिकाऱ्याकडे जावे लागे, त्यामुळे कुणी फारसे करतच नसे. यात फक्त उपचार थांबवणे किंवा न करणे येते. प्राण घेण्याचे औषध देणे येत नाही.

१ जुलै : मृत्यू हे पात्र

डिस्कवर्ल्डमध्ये मृत्यू हा सांगाडा आहे. काळा झगा, विळ्याच्या पात्याचे लांब दांड्याचे कोयते, बिंकी नावाचा पांढरा घोडा. प्रत्येक माणसाची एक वाळूची घटिका या मृत्यूच्या घरी असते. त्याला मांजरे आवडतात, रस्साही आवडतो. माणसे अशी का वागतात हे त्याला कधीच पुरते कळत नाही, आणि म्हणूनच ती त्याला आवडतात.

मराठीत वाचताना निवेदकाचा आवाज आपोआप यमाकडे झुकतो : भारदस्त, धमकावणारा, मागे घुमणारा. तो टाळण्याचे कारण आवडीनिवडीचे नाही. यम धर्मराज आहे, न्याय करतो; चित्रगुप्ताची वही त्यासाठीच असते. प्रॅचेट यांचा मृत्यू न्याय करत नाही. तो सांगतो की विश्वाची बारीक पूड करून चाळणीतून गाळली तरी न्यायाचा एक कण सापडणार नाही. न्याय, दया ही माणसांनी रचलेली खोटी गोष्ट आहे, आणि ती खरी मानून वागल्याशिवाय ती कधी खरी होणार नाही. प्रॅचेट यांचा सगळा दृष्टिकोन या एका प्रसंगात आहे, 'हॉगफादर' या १९९६ च्या पुस्तकात. दुसऱ्या भागाचा मधला भाग त्यावरच उभा करायचा. वरचे वाक्य सारांश म्हणून सांगायचे, वाचन म्हणून नाही. तक्त्यात 'बोलणारा : मृत्यू' असे लिहायचे आणि निवेदनातही तसे म्हणायचे.

त्यांच्या कुलचिन्हावरचे लॅटिन बोधवाक्य 'कापणीवाल्याला भिऊ नका' अशा अर्थाचे आहे. एका ओळीत उरकले.

५ जुलै : मृत्यूचा आवाज, मुद्रण

मूळ पुस्तकांत त्याचे बोलणे अवतरणचिन्हांशिवाय, लहान आकाराच्या इंग्रजी कॅपिटल अक्षरांत (स्मॉल कॅप्स) छापतात. तो आवाज कानांतून न जाता थेट डोक्यात उमटतो, असे वर्णन. ध्वनीत याचा अर्थ : खोलीचा भास नको. घुमारा लावला की लगेच पौराणिक मालिका सुरू होते.

मांडणी अशी :
निवेदक माइकपासून १५ ते २० सेंटिमीटरवर, खोलीचा हलका श्वास राहू दिलेला. मृत्यूची वाक्ये ५ ते ७ सेंटिमीटरवरून, हळू आवाजात. इतक्या जवळून डायनॅमिक माइक आपोआप खर्ज वाढवतो. वेगळा पिच उतरवायची गरज नाही. पिच उतरवला तर 'स' आणि 'श' चिखलासारखे होतात. ८० हर्ट्झच्या खालचे कापायचे.

अडचण महाप्राणांची. भ, फ, ध, थ, ख जवळून बोलले की हवेचा झोत थेट पडद्यावर आदळतो. मराठीत हे व्यंजन दर वाक्यात असतेच, त्यामुळे इंग्रजी मुद्रणाचे ठोकताळे चालत नाहीत. माइक तोंडासमोरून ३० ते ४५ अंश बाजूला वळवायचा आणि जाळी लावायची. तरीही उरलेले 'भ' हाताने : धक्क्याचे पहिले १० ते २० मिलिसेकंद निवडून तेवढ्याचीच पातळी खाली. पूर्ण वाक्यावर प्रक्रिया नको.

मग श्वास काढायचे. सांगाड्याला फुफ्फुसे नसतात. श्रोत्याला का ते कळत नाही, पण श्वास नसलेला आवाज ऐकताना मान वळते. श्वासाच्या जागी कोरी शांतता ठेवली तर फाइल तुटल्यासारखी वाटते, कारण मागची खोलीची कुजबुज अचानक थांबते. त्यासाठी मुद्रणाच्या सुरुवातीला रिकाम्या खोलीचे एक मिनिट घेऊन ठेवायचे आणि तेच खाचांत भरायचे. प्रत्येक वाक्याआधी साधारण ४०० मिलिसेकंदांची पोकळी. आवाज मधोमध, कोरडा. संगीत त्याच्या वाक्याखाली कधीच नाही.

अभिनयाची एकच सूचना : तो कारकुनासारखा नम्र आहे. घाई नाही, दया दाखवायची नाही, धाक घालायचा नाही.

१२ जुलै : तळटिपा

प्रॅचेट तळटिपांशिवाय प्रॅचेट नाहीत. अर्धा विनोद तिथे असतो. पेंग्विनने २०२२ पासून नव्याने काढलेल्या इंग्रजी श्राव्य पुस्तकांत तळटिपांसाठी बिल नायी आणि मृत्यूसाठी पीटर सेराफिनोविच असे वेगळे आवाज घेतले आहेत. तोच मार्ग : दुसरा आवाज, आधी एक छोटी टिचकी, आवाज थोडा डावीकडे. पूर्ण डावीकडे नाही, कारण एकाच कानात इअरफोन घालून लोकलमध्ये ऐकणाऱ्याला टीप गायब होईल. भागाला पाचाहून जास्त टिपा नकोत. मूळ वाक्य तुटणार असेल तर वाक्य पूर्ण करून मग टीप.

१७ जुलै : हक्क

मजकूर हक्कांकित आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षापासून ६० वर्षे, म्हणजे २०७५ च्या अखेरपर्यंत. ब्रिटनमध्ये ७० वर्षे, २०८५ पर्यंत. समीक्षेसाठी उताऱ्याची मुभा भारतीय कायद्याच्या कलम ५२ मध्ये आहे, पण त्यात शब्दसंख्येची हद्द दिलेली नाही. म्हणून स्वतःची हद्द : सलग वाचन चार ओळींपलीकडे नाही, आणि प्रत्येक उताऱ्यानंतर त्यावर आपले म्हणणे असलेच पाहिजे. म्हणणे नसेल तर उतारा काढायचा. याने संहिता सुधारलीच.

२० जुलै : बूट

गरिबी महाग का पडते याचे प्रॅचेट यांचे गणित, १९९३ च्या 'मेन अ‍ॅट आर्म्स' मधले. पोलीस कप्तान व्हाइम्सचा पगार महिन्याला ३८ डॉलर. चांगले बूट ५० डॉलरचे, वर्षानुवर्षे टिकतात. स्वस्त १० डॉलरचे, एक-दोन हंगामांत तळवा पुठ्ठ्यासारखा होतो. ज्याच्याकडे ५० होते तो दहा वर्षांनीही कोरड्या पायांनी चालतो. ज्याच्याकडे नव्हते त्याने तेवढ्या काळात १०० घातले आणि पाय ओलेच.

रुपयांत फिरवायचे नाही. आजचे भाव दोन वर्षांत शिळे होतात आणि मूळ प्रमाण बिघडते. २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये गरिबीविषयी लिहिणाऱ्या जॅक मन्रो यांनी स्वस्त वस्तूंच्या भाववाढीचा निर्देशांक 'व्हाइम्स बूट्स इंडेक्स' या नावाने जाहीर केला, प्रॅचेट यांच्या वारसांच्या संमतीने. हा परिच्छेद दुसऱ्या भागात, मृत्यूच्या प्रसंगानंतर लगेच. क्रम जाणूनबुजून असा : न्याय विश्वात नाही, म्हणून तो बुटांच्या किमतीत शोधायला लागतो. विनोदी लेखक म्हणून ओळख असलेल्या या माणसाच्या मुळाशी राग आहे, हे श्रोत्याला इथे कळले पाहिजे.

२६ जुलै : शब्दांकनाची मांडणी

ऐकू न येणाऱ्यांसाठी संकेतस्थळावर पूर्ण शब्दांकन. देवनागरीत मोठी-लहान अक्षरे नसतात, त्यामुळे मृत्यूचे बोलणे वेगळे दाखवायचे कसे?

अक्षरांमधले अंतर वाढवणे बाद : शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. स्मॉल कॅप्सची आज्ञा देवनागरीवर काहीच करत नाही. तिरके टंक बाद, ते विचारांसाठी वापरतात. ठळक, म्हणजे ७०० वजनाचा (जाडीचा) टंक फोनवर १६ पिक्सेलला क्ष, ण, श्र यांच्या पोकळ्या बुजवतो.

ठरले ते असे. मुख्य मजकूर 'तिरो देवनागरी मराठी' या टंकात. मृत्यूचे बोलणे मुंबईच्या एक टाइपच्या 'मुक्त' मध्ये, ६०० वजन, १७ पिक्सेल, अवतरणचिन्हे नाहीत, स्वतंत्र ओळीवर. ओळींमधले अंतर १.७ पट, त्याखाली गेले की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला टेकतो. पानाची भाषा 'मराठी' म्हणून घोषित करायची, म्हणजे ज्या टंकात सोय आहे तिथे ल आणि श मराठी वळणाचे येतात.

अंधांना पान वाचून दाखवणाऱ्या पडदा-वाचक प्रणालीला टंकाचा फरक कळत नाही. म्हणून प्रत्येक ओळीआधी डोळ्यांना न दिसणारे पण वाचले जाणारे 'मृत्यू' असे लेबल. तळटिपेचा आकडा रफाराला आणि वेलांटीला धडकतो. तो नेहमी विरामचिन्हानंतर ठेवायचा.

२ ऑगस्ट : मुखचित्र

कादंबरीच्या नावातला 'मेंढपाळाचा मुकुट' म्हणजे समुद्री साळिंदराचा (सी अर्चिनचा) जीवाश्म. खडूच्या डोंगराळ कुरणांत नांगरटीत सापडतो, वर पाच ओळींचा तारा असतो. प्रॅचेट राहत ते ब्रॉड चॉक गाव त्याच खडूच्या पट्ट्यातले. चित्रात पाचच ओळी हव्यात. सहा किंवा आठ काढल्या की शंखशिंपल्यासारखे काहीतरी होते. आपल्या बेसाल्टमध्ये हे मिळणार नाहीत. जवळचे पाहायचे तर मध्य प्रदेशात नर्मदेकाठच्या बाघ थरांत क्रिटेशियस काळातले साळिंदर जीवाश्म आहेत. सांगाडा मुखचित्रावर नको.

९ ऑगस्ट : क्लॅक्स

'गोइंग पोस्टल' (२००४) मध्ये डोंगरांवरच्या मनोऱ्यांतून झडपांनी संदेश पाठवणारी 'क्लॅक्स' नावाची यंत्रणा आहे. कामावर मेलेल्या माणसाचे नाव यंत्रणेत सतत फिरते ठेवतात. त्यासाठी तीन संकेताक्षरे : जी म्हणजे पुढे पाठव, एन म्हणजे नोंद करू नकोस, यू म्हणजे शेवटच्या मनोऱ्यावरून परत फिरव. २०१५ नंतर वाचकांनी संकेतस्थळांच्या अदृश्य हेडरमध्ये (पानासोबत जाणाऱ्या, पण न दिसणाऱ्या माहितीत) 'जीएनयू टेरी प्रॅचेट' असा मजकूर ठेवायला सुरुवात केली.

आपल्या संकेतस्थळावरही तो ठेवायचा. एनजिनएक्स या वेब सर्व्हरवर एका ओळीचे काम, पण तीन जागी फसते. एक : हेडरचे नाव 'एक्स-क्लॅक्स-ओव्हरहेड' आणि त्याचा मजकूर, दोन्ही रोमन लिपीतच द्यायचे; देवनागरी दिले तर मध्येच कुठेतरी ते चिन्हांच्या कचऱ्यात बदलते. दोन : शेवटी 'ऑलवेज' लावले नाही तर पान न सापडल्याच्या ४०४ उत्तरासोबत हेडर जात नाही. तीन : आतल्या लोकेशन विभागात दुसरे कुठलेही हेडर जोडलेले असेल तर वरच्या विभागातले सगळे हेडर तिथे लागू होत नाहीत. ही ओळ तिथे पुन्हा लिहावी लागते. तपासायचे ते मुखपृष्ठ, एक ध्वनिफाइल आणि एक मुद्दाम चुकीचा पत्ता, असे तिन्ही.

१३ ऑगस्ट : न पूर्ण झालेले

दुसऱ्या भागाच्या शेवटाआधी अडीच मिनिटे. प्रॅचेट यांची इच्छा होती की अपुरे लेखन नष्ट व्हावे. २५ ऑगस्ट २०१७ रोजी ग्रेट डॉर्सेट स्टीम फेअरमध्ये त्यांची हार्ड डिस्क 'लॉर्ड जेरिको' नावाच्या वाफेच्या रोलरखाली घातली. ती अपेक्षेपेक्षा चिवट निघाली, म्हणून शेवटी दगड फोडायच्या यंत्रात टाकावी लागली. तुकडे सॉल्झबरीच्या संग्रहालयात मांडले होते. शेवटच्या पुस्तकाच्या अपुरेपणाबद्दल पहिल्या भागात जे सांगितले, त्याला हे जोडून घ्यायचे : त्यांनी तेवढे एक जाऊ दिले, बाकीचे नाही.

तलवारीचा किस्सा इथे बसत नाही. सर किताब मिळाल्यावर त्यांनी घराजवळून ८१ किलो खनिज गोळा करून, माती-गवताच्या भट्टीत वितळवून, उल्केचे लोखंड मिसळून तलवार करवून घेतली. सुरेख आहे, पण तो आला की प्रत्येक जण तेवढेच लक्षात ठेवतो. पहिल्या भागात तळटीप म्हणून ४० सेकंद.

१८ ऑगस्ट : मिश्रण आणि तारीख

पातळी उणे १६ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या सरासरी मोठेपणाचे माप), शिखर उणे १ डेसिबल. मृत्यूची वाक्ये निवेदनापेक्षा २ डेसिबल खाली. तरी जवळच्या मुद्रणामुळे ती पुढे येतात. अंतिम लिमिटर (आवाजाची शिखरे दाबणारी प्रक्रिया) हलका, नाहीतर तो ४०० मिलिसेकंदांच्या पोकळीतली कुजबुज वर खेचतो आणि सगळी कारागिरी फुकट जाते.

२७ ऑगस्टला यंदा गणेश चतुर्थी आहे. त्या दिवशी मरणावरचा पॉडकास्ट कुणी ऐकणार नाही आणि ऐकूही नये. विसर्जनानंतर ठेवले तर थेट पितृपक्ष. मग श्रोता त्याला श्राद्धाच्या चौकटीत बसवणार. दोन्ही भाग एकत्र रविवारी, २४ ऑगस्टला.

बाकी : दुसऱ्या भागातल्या तिसऱ्या तळटिपेची टिचकी उशिरा येते, ३०० मिलिसेकंद पुढे घ्यायची. ब्रिटनच्या विधेयकाचा तुकडा वेगळ्या फाइलमध्ये, नावात तारखेसह.